चौथ्या वाफ्याचं गवत

९ फेब्रुवारी

आज भाऊजींना तोंडावर नाही म्हटलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पहिल्यांदाच. अक्षर वाकडं येतंय, आणि ते भीतीने नव्हे.

हे डिसेंबरात वैरणीच्या माळ्यावरून पडले. दोन मणके गेले. डॉक्टरांनी सांगितलं, आयुष्यात पाच किलोच्या वर उचलायचं नाही. चौदा गाई दावणीला, एकेकीला रोजची तीस किलो ओली वैरण, आणि ती कापून डोक्यावरून आणून गव्हाणीत टाकायची. सव्वीस वर्षं आम्ही दोघांनी ती आणली. गेले दोन महिने एकटी आणतेय. मान खांद्यात घुसली आहे माझी.

म्हणून भाऊजी आले. ह्यांचे थोरले भाऊ. गोठ्यात त्यांचा अर्धा वाटा आहे, शेणात नाही. बाहेरच्या खोलीत बसून म्हणाले, "गाई विकून टाकू. त्याच्याच्यानं आता काही व्हायचं नाही." हे आतल्या खोलीत पडून होते, दार अर्धं उघडं.

मी म्हटलं, "वैरण गाईंकडे जात नसेल तर गाई वैरणीकडे जातील. चार-चार पाय आहेत त्यांना. मागचा माळ पडून आहे, त्यावर गवत लावते आणि चरायला सोडते."

मामंजी कोपऱ्यातून म्हणाले, "गाय दावणीलाच शोभते. मोकळी सोडली की दूध पायात उतरतं." सासऱ्यांशी मी वाद घालत नाही, म्हणून नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

भाऊजी हसले. म्हणाले, "आज दोन वेळचं मिळून एकशे अठरा लिटर भरतं. तीस नोव्हेंबरला मी स्वतः मोजायला येईन. शंभरच्या खाली गेलं तर दुसऱ्या दिवशी व्यापारी. कबूल?"

"कबूल," म्हटलं. शब्द दिला.

आत गेले तर हे जागे होते. काय ठरलं विचारलं. सांगितलं. "बरं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी ह्यांच्यासाठी जिवाचं रान करतेय आणि ह्यांना कशाचंच काही नाही!

१४ फेब्रुवारी

माळ पावलांनी मोजला. पाच एकर, वर चढण, खाली जरा सपाटी. दगड वेचायला घेतले. कमरेत उसण भरली.

ह्यांची खाट मागच्या खोलीत खिडकीशी हलवली, ऊन येतं म्हणून. तिथून सगळा माळ दिसतो. तेवढीच त्यांची करमणूक.

२१ फेब्रुवारी

बियाण्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "वहिनी, डोळे झाकून लसूणघास घ्या. पाचही एकर." डोळे झाकून काही घ्यायचं माझं वय गेलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई तिथेच औषधं घेत होत्या. पोरगी तरुण आहे, पण बोलते आजीसारखी. म्हणाली, "काकू, नुसती कोवळी लसूणघास उपाशी गाईला मोकळी चरू दिली तर पोट नगाऱ्यासारखं फुगतं. तासाभरात गाय जाते. चराईला मिश्रण लागतं. पायाखाली तुडवलं तरी उठणारं गवत आणि सोबत एखादा शेंगवर्गीय चारा."

"कुठलं गवत?" म्हटलं.

"तुमच्या जमिनीला विचारा," म्हणे.

जमिनीला काय विचारायचं? खाणार गाय, तर गाईला विचारीन. सहा जातींचं मूठ-मूठ बी घेतलं. घरामागे कुंपणालगत सहा वाफे केले, एकेक जात एकेका वाफ्यात. गवत वाढलं की रोज संध्याकाळी एका गाईला सोडायचं आणि ती आधी कुठे जाते ते लिहायचं. वीस दिवस.

डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाली, "पहिला घास पाहू नका काकू, तोडलेलं गवत पुन्हा किती दिवसांत उभं राहतं ते पाहा." हो हो, म्हटलं. लोकांना सल्ले द्यायला काय जातं.

१२ एप्रिल

आजपासून परीक्षा. परीक्षक म्हणून वकीलीण निवडली. गोठ्यातली सगळ्यांत जुनी गाय, धारेच्या वेळी पाच मिनिटं उशीर झाला तरी सगळ्या आळीला ऐकू जाईल असा दावा मांडते. तिच्या तोंडाला चव आहे. शिळं पाणीसुद्धा ओळखते.

दोर सोडला. सरळ चौथ्या वाफ्याकडे गेली! चौथ्यात उंच वाढणारं गिनी गवत आहे.

१९ एप्रिल

आठ दिवसांत सात वेळा चौथा वाफा. एकदा पाचवा, पण त्या दिवशी मामंजींना बरं नव्हतं म्हणून त्यांचा काढा करता करता मला उशीर झाला आणि तिला घाईघाईने सोडली, ते धरायचं नाही.

मामंजी एरवी रोज संध्याकाळी कुंपणापलीकडून फेरी मारतात आणि नेमके चौथ्या वाफ्याशी उभे राहतात, माझी फजिती बघायला. वर त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला पांढरा, चिकट थर असतो. गरम पाण्यात भिजवल्याशिवाय निघत नाही. सत्तरी उलटली तरी खिशात काय काय भरतात देव जाणे.

२ मे

निकाल लागला. वीसपैकी अठरा दिवस चौथा वाफा. आता कोण काय बोलणार?

हे बोलले. मी आनंदाने सांगायला गेले तर खिडकीतूनच म्हणाले, "ती चौथ्यात जाते, पण मान खाली घालत नाही. नुसती उभी राहते. खाते पहिल्यातलं आणि पाचव्यातलं, नंतर."

मी म्हटलं, "अहो, इतक्या लांबून गवत कळतं होय? मी तिथे उभी असते."

"तू वहीत बघत असतेस," म्हणाले.

राग आला. जो माणूस पाच महिने 'बरं'च्या पलीकडे गेला नाही त्याला बोलायला हीच जागा सापडली. मी म्हटलं, "तुम्ही पडून राहा. मी बघते काय ते." वहीत अठरा लिहिलंय, आता ते पुसायचं का?

१८ जून

पेरणी झाली. वरच्या तीन एकरांत चौथ्या वाफ्याचं गिनी गवत. पाचही करणार होते, पण ह्यांनी कधी नव्हे ते काही मागितलं. "खालचे दोन एकर मला दे." जणू बाजारातून आणायला सांगितलंय. मनाला विरंगुळा म्हणून दिले. त्यांनी पहिल्या आणि पाचव्या वाफ्यातलं मिसळून पेरायला लावलं: मारवेल, म्हणजे बुटकं, पसरणारं गवत, आणि त्यात स्टायलो, हा शेंगवर्गातला, पण पोट न फुगवणारा चारा. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं म्हणे. हे कधी केलं? मला पत्ताच नाही.

मारवेलीची रोपं मीच लावली, ते खिडकीतून ओळी सांगत होते. "डावीकडे... आणखी डावीकडे." शेवटी मी ओरडले, "या मग खाली!" आणि मग जीभ चावली. ते हसले. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा.

५ सप्टेंबर

फाटक उघडलं आज. सोहळाच तो! आणि चौदाच्या चौदा गाई उंबऱ्यात थांबल्या. जन्मभर दावणीला बांधलेल्या. पुढे काही नाही, मागे काही नाही, कुणी ओढत नाही, म्हणजे करायचं काय हेच त्यांना कळेना. मामंजी म्हणाले, "बघ, गाईसुद्धा तुझं ऐकत नाहीत." मी वकीलिणीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "चल गं, सासरी नाही चाललीस." ती निघाली. तिच्यामागे सगळ्या. आणि मग पळाल्या! बारा वर्षांची गाय वासरासारखी शेपटी वर करून पळताना मी पहिल्यांदा पाहिली. मी रडले. इथे लिहून ठेवते, बाहेर कबूल करणार नाही.

१९ सप्टेंबर

एकशे एक लिटर.

तीन एकर गिनी गवत डोक्याइतकं उंच, बांबूसारखं ताठ उभं आहे आणि गाई त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. सगळ्या खाली, ह्यांच्या दोन एकरांत, गर्दी करून. मी त्यांना हाकलून वर नेते, त्या वळसा घालून खाली येतात. वकीलीण वर एकदाही गेली नाही. अठरा वेळा जिने निवडलं तीच!

भाऊजींचा फोन आला. "कसं काय चाललंय?" झकास, म्हटलं. खोटं बोलले.

२३ सप्टेंबर

कळलं.

संध्याकाळी वकीलीण कुंपणाशी मामंजींच्या खिशात थोबाड घालून उभी होती. मामंजी इकडेतिकडे बघत तिला मूठभर खडेमीठ चाटवत होते. खिशाचा पांढरा थर, चौथ्या वाफ्याजवळची जागा, रोजची फेरी, आजारपणाचा दिवस, सगळं एकदम डोक्यात शिरलं.

"मामंजी, एप्रिलमध्येही हेच?"

"तिला मीठ आवडतं," म्हणाले. "लहानपणापासून देतो."

"मग सांगायचं नाही? मी त्यावर तीन एकर पेरले!"

"तू विचारलंस कुठे, धाकटे? तू तर गाईला विचारत होतीस."

असं वाटलं की कुंपणाचा खांब उपटावा. पण खांब मीच पुरलेत, खोल आहेत. दावणीचे एवढे गोडवे गाणारा माणूस चोरून गाईचे लाड करतो, आणि लाड माझ्या गळ्याशी येतात. रात्री त्यांना चहा दिला नाही. दिला, पण कपबशी आपटून.

२४ सप्टेंबर

ह्यांच्याकडे गेले. माफी मागायला नव्हे, सांगायला. म्हटलं, तीन एकर नांगरून टाकते, दुसरं काही पेरते, आता उगवेल तेवढं उगवेल.

ते म्हणाले, "नांगरू नको. गवत वाईट नाही. ते कोवळं खायचं गवत आहे, तू त्याला म्हातारं होऊ दिलंस." उशीखालून कागद काढला. तीन एकरांचे पंचवीस पट्टे आखलेले. सगळं एकदा टाचेशी कापायचं, मग गाईंना रोज एकच पट्टा. खाऊन झाला की दोरी पुढे. सव्विसाव्या दिवशी पुन्हा पहिला पट्टा, गुडघ्याएवढा, मऊ. कागदाच्या कडा मळलेल्या होत्या, घड्या पडलेल्या.

"हे कधी काढलंत?"

"जूनमध्ये."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी विळ्याला धार लावायला गेले.

१० ऑक्टोबर

सोळा दिवस कापतेय. दोन्ही तळहात सोलले. मुळं जमिनीत पक्की आहेत, कापलं की तिसऱ्या दिवशी हिरवं बोट वर काढतं. हट्टी आहे हे गवत. मला आवडायला लागलंय.

भाऊजी रस्त्यावरून जाताना गाडी थांबवून म्हणाले, "कशाला मरतेस? पन्नाशी आली तुझी." मी म्हटलं, "एकावन्न. अजून बरंच कापायचंय, सावली पाडत उभे राहू नका, गवताला ऊन लागतं."

२६ ऑक्टोबर

एकशे आठ लिटर! पट्टे चालू आहेत. गाई दोरीच्या पलीकडे जातच नाहीत, सकाळी पट्ट्याच्या तोंडाशी रांगेत उभ्या. हे खिडकीतून रवंथ करणाऱ्या मोजतात. "अकरा बसल्यात, पोटं भरली. तिघी उभ्या आहेत, उद्या दोरी चार पावलं पुढे घे." मी घेते. मुकाट्याने घेते म्हणणार होते, पण मुकाट्याने मी काहीच करत नाही.

२८ ऑक्टोबर

माझ्यासारखी अक्कलशून्य बाई या जगात नसेल.

वकीलीण आणि आणखी एक, दोघी जानेवारीत विणार. विण्याआधी दोन महिने धार थांबवून गाय आटवायची असते, नाहीतर वासरू कमजोर होतं आणि पुढचं वेत बिघडतं. गोठ्यात जन्म गेलेल्या कुठल्याही माणसाला हे झोपेत ठाऊक असतं. फेब्रुवारीत 'कबूल' म्हणताना मी शंभराचा आकडा ऐकला आणि चौदा गाई धरल्या, तोवर एखाद-दोन गाभण राहून आटणार हे धरलंच नाही. मोजणीच्या दिवशी दुधाला बाराच असणार.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "हो." म्हणजे त्यांना तेव्हापासून माहीत होतं. विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, असं बोलले मात्र नाहीत. मला तसं ऐकू आलं.

११ नोव्हेंबर

दोघींना आटवलं. तीस तारखेपर्यंत ओढता आलं असतं, कोण बघतंय? दुपारभर बादली घेऊन वकीलिणीशेजारी बसले होते. मग बादली पालथी घातली. भाऊजींच्या आकड्यासाठी तिच्या पोटातल्या वासराचं दूध मी घेणार नाही. गेला आकडा खड्ड्यात.

मामंजींनी कालपासून चहात दूध घालायचं बंद केलं. सकाळचा पेलाही नको म्हणतात. पचत नाही म्हणे. आजवर दोन पेले पचत होते. मिठावरून बोलले त्याचा राग धरलाय, दुसरं काय! काळा चहा पिऊन माझ्याकडे बघत तोंड वाकडं करतात. करा म्हटलं.

३० नोव्हेंबर

भाऊजी पहाटे आले, संध्याकाळपर्यंत बसले. दोन्ही धारा स्वतः मोजल्या. माप कपाळाच्या रेषेत धरून, डोळे बारीक करून.

शहाण्णव लिटर.

मी म्हटलं, "बारा गाईंचं आहे. दोघी गाभण, आटवलेल्या. दावणीला होत्या तेव्हा चौदांचं एकशे अठरा होतं. एका गाईमागे हिशेब कराल तर फरक कळणारसुद्धा नाही. आणि वैरण एक किलो कुणी वाहिली नाही."

"शंभर म्हणजे शंभर," म्हणाले. "तू कबूल म्हणाली होतीस."

म्हणाले होते. शब्द माझाच. "उद्या दहाला व्यापारी," म्हणाले आणि गेले.

ह्यांना जाऊन सांगितलं. "बरं," म्हणाले. मी गाईंना पाणी दाखवायला गेले.

१ डिसेंबर

क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी नेहमीसारख्या गाई वर सोडल्या. निदान पोटभर खाऊन जातील. दहाला भाऊजी आणि व्यापारी ट्रक घेऊन आले. व्यापाऱ्याने माळ बघितला, म्हणाला, "चरणाऱ्या आहेत होय? खूर मजबूत दिसतात." भाऊजी मला म्हणाले, "आण खाली." मी म्हटलं, "मी शब्द दिला, तो मोडत नाही. पण माझ्या हाताने आणणार नाही. तुम्ही आणा." आणि पायरीवर बसले. त्याहून जास्त काही सुचलं नाही.

ते दोघे फाटकाकडे निघाले आणि थांबले. फाटकात हे उभे होते.

घरातून फाटकापर्यंत दोनशे पावलं आहेत, चढणीची. वर्षभर हा माणूस खाटेपासून मोरीपर्यंत गेला, तेवढाच. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने फाटक धरलेलं, चेहरा घामाने थबथबलेला. मी धावले तर मला हातानेच थांबवलं.

"बाजूला हो," भाऊजी म्हणाले.

"नाही, दादा."

जन्मात ह्यांनी थोरल्या भावाला नाही म्हटलेलं नाही. भाऊजींनी माझ्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "अरे, ठरलंय. हिने शब्द दिलाय."

"हिने दिलाय. मी दिला नाही. अर्धा वाटा तुझा, अर्धा माझा. फेब्रुवारीत तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसून माझ्या गाईंचं ठरवलंत. मी आत होतो, दार उघडं होतं. पाठ मोडली होती माझी, कान नव्हते मोडले. मला कुणी विचारलं?"

व्यापारी ट्रककडे बघायला लागला.

"तुझ्या वाट्याच्या सात हव्यात तर ने," हे म्हणाले. "पण या फाटकातून न्याव्या लागतील आणि इथे मी उभा आहे. मला ढकल. फार जोर लागायचा नाही."

मामंजी मागून केव्हा आले कुणास ठाऊक. ह्यांच्या शेजारी जाऊन फाटकाला टेकून उभे राहिले, हात खिशात. भाऊजींनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग व्यापाऱ्याला म्हणाले, "चला." ट्रक रिकामा गेला. जाताना भाऊजी मला म्हणाले, "हे मी विसरणार नाही." मी म्हटलं, "आम्हीपण नाही." ते परत येतील, मला माहीत आहे. येऊ देत.

ह्यांना घरी आणायला पाऊण तास लागला. आता पालथे पडलेत, पाठीला शेक देतेय आणि एका हाताने हे लिहितेय. पण एक वाक्य डोक्यातून जात नाही. "तुम्ही दोघं" म्हणाले. भाऊजी आणि मी. वर्षभर मी समजत होते की मी ह्यांच्या बाजूने लढतेय, आणि ह्यांच्या हिशेबात मी त्या खोलीत भाऊजींच्या शेजारी बसलेली आहे. खोटं आहे म्हणायला तोंड उघडलं. मिटलं. मीही विचारलं नव्हतं.

मग विचारलं. म्हटलं, "अहो, वरच्या चढणीवर पुढच्या वर्षी काय लावायचं?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग खिडकीतून माळाकडे. विचार करायला लागले. माझ्याकडे उत्तर तयार होतं, अगदी जिभेवर. किती वेळ लावतो हा माणूस! शेकाची पिशवी गार झाली, मी ती पुन्हा भरून आणली, तरी यांचा विचार चालूच.

मी गप्प बसून राहिले.